रिकामे रूळ, दोन सायकली आणि मामाची बोरं

ताई म्हणजे माझी मामेबहीण. बावीस वर्षं झाली ब्रिस्टलला असते, आणि पुण्यात आली की दोन दिवस जेटलॅग, दोन दिवस तुळशीबाग आणि मग उरलेले सगळे दिवस "अगं तुमच्याकडे सायकल चालवायला जागाच नाही" हे ऐकायचं, असा दरवेळचा कार्यक्रम. या डिसेंबरला मात्र ती बोलून थांबली नाही. तिचं ऑफिसला जायचं-यायचं सायकलवर असतं, आणि तो सायकलरस्ता म्हणजे बंद पडलेली रेल्वेलाईन. ब्रिस्टल ते बाथ, १३ मैल म्हणजे साधारण २१ किलोमीटर. पॅसेंजर गाड्या १९६६ ला बंद झाल्या, नंतर मालगाड्याही बंद झाल्या, रूळ उचलले, आणि १९७९ ला काही सायकलवेड्या लोकांनी स्वतः फावडी घेऊन बाथच्या बाजूनं पहिला तुकडा बनवला, १९८६ पर्यंत पूर्ण रस्ता झाला. मधे एक बोगदापण आहे, आत दिवे लावलेत. ती म्हणे पावसात त्या बोगद्यात घुसलं की कोरडं, म्हणून लोक तिथे मुद्दाम हळू चालवतात.

हे सगळं ती जेवताना मामाला सांगत होती. मामा रेल्वेतून रिटायर झालेला, पी-वेला होता, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी याच दुनियेत चाळीस वर्षं. घोरपडीतच राहतो अजून. त्यानं भाकरी मोडत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपल्याकडे काय कमी पडीक जमीन आहे का? जा, बघून या. फक्त रुळावर पाय टाकायचा नाही, कलम १४७ आहे, मी सोडवायला येणार नाही."

झालं, तीन दिवसांचा प्लॅन ठरला. पहिला दिवस घोरपडी-हडपसर, दुसरा लोणावळा, तिसरा खंडाळा. माझी साधी गिअरची सायकल आणि ताईसाठी शेजारच्या मुलाची मागून आणलेली, जिचं सीट तिनं पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा खाली-वर केलं.

दिवस पहिला

सकाळी साडेसहाला बी. टी. कवडे रोडला मामाच्या घरी पोचलो तर तो मफलर, कानटोपी, स्वेटर असा फुल तयारीत ॲक्टिव्हावर बसलेला. आम्हाला वाटलं टाटा करायला आलाय, तर म्हणे मीच रस्ता दाखवणार. म्हणजे पुढे मामा ॲक्टिव्हावर वीसच्या स्पीडनं आणि मागे आम्ही दोघी सायकलवर, मिरवणूकच.

त्यानं नेलं ते एका कारखान्याच्या जुन्या सायडिंगपाशी. नाव लिहीत नाही, कारण कारखाना अजून चालू आहे, फक्त माल आता ट्रकनं जातो. सायडिंग म्हणजे मेन लाईनपासून फुटून कारखान्यात जाणारा एक रूळ, त्याच्या वळणाला एक शिस्त असते, रस्त्यासारखं कचकन वळत नाही, लांबून वळत जातं. ते वळण मात्र अजून तसंच दिसतं. रूळ निम्मे मातीत, मधून घाणेरी आणि सुबाभूळ माजलेली, वाळलेल्या दीपमाळेचे काटेरी गोळे उभे, एका जागी कोणीतरी मेथी लावलेली, पुढे दोन रुळांच्या मधे गोधडी वाळत घातलेली आणि त्याच्या पुढे पोरांचं क्रिकेट, स्टंप म्हणून रुळाचाच तुकडा. बाकी प्लॅस्टिक आणि राडारोडा. बांधकामाचा राडारोडा तर असा ओतलाय की वाटावं ही जागा त्याचसाठी ठेवलीये. वेडे राघू तारेवर ओळीनं बसलेले होते, त्यांना या सगळ्याचं काही नव्हतं.

ताईनं फोटो काढायला मोबाईल वर केला आणि लगेच कुठूनतरी वॉचमन आला. फोटो नाही काढायचा. का? नाही काढायचा. ही जागा कोणाची? रेल्वेची असेल, नाहीतर कंपनीची, पण फोटो नाही काढायचा. मामा त्याच्याशी पाच मिनिटं बोलला, कुठल्या गावचे वगैरे झालं, तंबाखूची देवाणघेवाण झाली आणि आम्हाला कुंपणाबाहेरून बघायची परवानगी मिळाली. कुंपणाच्या आत एक बोरीचं झाड होतं, लालसर पिकलेली बोरं खाली पडलेली. मामा म्हणाला रेल्वेच्या कडेची बोर गोड असते, लोक खिडकीतून बिया टाकतात म्हणून जिथे तिथे उगवते, नोकरीत होतो तेव्हा डिसेंबरात खिसा भरूनच घरी यायचो. हात पुरत नव्हता. वॉचमनला बोरं माग म्हणलं तर मामाला ते कमीपणाचं वाटलं.

मग मात्र तो सुरू झाला. तुम्हाला वाटतं रूळ उचलले की झाला रस्ता, तसं नसतं. खालची खडी धारदार असते, तिच्यावर सायकल घातली की टायर फाटणार, म्हणून ती एकतर काढायची नाहीतर वर मुरूम आणि बारीक चुरा टाकून रोलर फिरवून बसवायची. जुने लाकडी स्लीपर काळं तेल पाजून ठेवलेले असतात, ते विषारी, ते तिथेच जाळून चालत नाहीत. पण खरी कमाई खाली आहे, तो म्हणाला, भराव. शंभर वर्षं गाड्यांनी दाबून दाबून बसवलेला भराव, दोन्ही बाजूला पाणी जायला गटार, मोऱ्या, छोटे पूल, सगळं आयतं. "नवीन रस्ता करायला गेलात तर निम्मा पैसा यातच जातो, आणि इथे तो इंग्रजाच्या किंवा आमच्या बापजाद्यांच्या घामानं आधीच झालाय."

ताईनं विचारलं मग देत का नाहीत. मामा हसला. त्याचं म्हणणं असं की रेल्वे जमीन सोडत नाही ते उगाच नाही. पुणे-मिरज लाईन बघ, आधी मीटरगेज म्हणजे अरुंद रुळांची होती, १९७१ ला ब्रॉडगेज म्हणजे रुंद रुळांची झाली, तेव्हा लोक म्हणायचे बाजूला एवढी जागा कशाला अडवून ठेवलीये, आणि आता दुहेरीकरण आलं तर तीच जागा कामाला आली. सोडली असती तर आज कोर्टात बसलो असतो. आणि जिथे खरंच गरज नाही तिथे आता रेल लँड डेव्हलपमेंट ऑथॉरिटी आहे, २००५ च्या कायदादुरुस्तीनंतर आलेली, त्यांचं कामच रिकाम्या जागेतून रेल्वेला पैसे मिळवून देणं. मोक्याच्या जागी मॉल होऊ शकत असेल तर तुमच्या सायकलला कोण विचारतो.

मग ताईनं अमेरिकेचा विषय काढला, आणि माझ्या मते तीन दिवसांत झालेलं हे सगळ्यात महत्त्वाचं बोलणं, तेही रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीवर. १९८३ पासून तिकडे कायद्यातच सोय आहे की लाईन बंद झाली तरी पट्टा मोडायचा नाही, तुकडे करून विकायचा नाही, कोणीतरी संस्था किंवा नगरपालिका तो सांभाळते, त्यावर सायकलरस्ता चालवते, आणि उद्या रेल्वेला परत गाडी न्यावीशी वाटली तर पट्टा परत द्यायचा. बँकेत ठेव ठेवल्यासारखं. रेल्वे काही सोडत नाही, फक्त वापरायला देते.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे सायकलवाले चौकीदार." ताई म्हणाली हो, फुकटचे चौकीदार. मामानं दुसरा चहा सांगितला, यावरून मला कळलं की त्याला पटलंय, कारण डॉक्टरांनी एकच सांगितलाय.

खरंय पण ते. त्या सायडिंगवर राडारोडा कोणी टाकला असता का, जर रोज सकाळी दोनशे लोक तिथून चालत-सायकलवर गेले असते तर? मुठा कालव्याच्या कडेनं जिथे जिथे लोक रोज फिरतात तिथे कालवा जरा तरी माणसात असतो आणि जिथे कोणी जात नाही तिथे काय आहे ते हडपसरकडे जाताना नाकाला कळतं. आम्ही परत येताना तेच करत आलो, नाक दाबून.

एक शंका मात्र मला राहिली आणि ती पुणेकर म्हणून आहे. असा रस्ता झाला तर पहिल्या दिवशी त्यावर कोण येईल? टू-व्हीलर. आपले सायकल ट्रॅक म्हणजे पार्किंग, भेळेची गाडी आणि मधे एक डीपी बॉक्स. ताई म्हणे तिकडे तोंडाशी आडवेतिडवे खांब लावतात, सायकल आणि व्हीलचेअर जाते, मोटरसायकल जात नाही. मामा म्हणाला आपली ॲक्टिव्हा कुठूनही जाते, आणि लगेच दोन पोत्यांच्या मधून घालून दाखवली.

दिवस दुसरा

पहाटे साडेपाचला शिवाजीनगरहून निघालो. थंडी अशी की ग्लोव्हज असून बोटं कळत नव्हती. जुना मुंबई हायवे धरला, एक्सप्रेसवेवर सायकलला बंदीच आहे. खडकीला लष्कराच्या हद्दीतल्या सायडिंगच्या कडेनं गेलो, इथे फोटोचा प्रश्नच नव्हता, ताईनं स्वतःहून मोबाईल बॅगेत टाकला. दापोडीला हॅरिस ब्रिजवर उजाडलं, शेजारच्या रेल्वे पुलावरून लोकल जात होती आणि खाली मुळेवर फेस तरंगत होता, लांबून बर्फासारखा दिसतो, जवळून नको.

चिंचवड-निगडी भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सिग्नल, मेट्रोचे खांब आणि कंपन्यांच्या बसेस. देहूरोडच्या पुढे मोकळं वाटलं. सोमाटणे फाट्याला मिसळ खाल्ली, ताईनं दही मागितलं, मी दुसरीकडे बघितलं.

तळेगावच्या पुढे खरी मजा. रस्ता आणि रेल्वे कधी जवळ येतात कधी लांब जातात आणि मग तुम्हाला फरक पायात कळायला लागतो. रस्ता टेकडीला बघून वर चढतो, उतरतो, कामशेतला तर छोटा घाटच आहे. रेल्वे काय करते, लांबूनच हळू वळत येते, टेकडी कापते, खड्ड्यात भराव टाकते आणि सरळ निघून जाते. पुण्याहून लोणावळा रेल्वेनं ६४ किलोमीटर, आणि गाडीत बसल्यावर आपल्याला कधी चढ असतो असं वाटलंच नाही. मी इतकी वर्षं लोकलनं लोणावळ्याला गेलेय पण हे डोक्यात आलं नव्हतं, ते आलं कामशेतच्या चढावर सायकलवरून उतरून ढकलताना. रुळांच्या वाटेनं आजी-आजोबा, शाळेतली पोरं, गुडघा दुखणारी माझ्यासारखी कोणीही सायकल चालवू शकते, ताईच्या बाथच्या रस्त्यावर म्हणूनच एवढी गर्दी असते. रेसवाल्यांचं काय, ते कुठेही चालवतात.

कान्हे फाटकाला थांबलो, फाटक पडलेलं. एक मालगाडी, मग एक्सप्रेस, मग परत मालगाडी, वीस मिनिटं. तिथल्या पेरूवाल्या मावशींनी विचारलं कुठून आलात, पुण्याहून सायकलवर म्हणलं तर म्हणाल्या, "गाडीला पैसे नव्हते का?" ताईला हे इतकं आवडलं की तिनं दोन किलो पेरू घेतले आणि मग ते पुढे मी वाहिले.

मळवलीच्या आसपास रेल्वेच्या कडेकडेनं एक गावातला रस्ता पकडला, डावीकडे लोहगड-विसापूर, गवत पिवळं झालेलं, कोतवाल म्हशींच्या पाठीवर. इथे बोरी सापडल्या, कुंपणाच्या बाहेरच्या, कायदेशीर. ताईनं रुमालभर बोरं गोळा केली. मामाला फोन लावला तर म्हणाला छोटी आहेत का, छोटी असली तर आण.

संध्याकाळी लोणावळ्याला एका मैत्रिणीच्या रिकाम्या बंगल्यात उतरलो. पाय गरम पाण्यात बुडवून ताई मामाला व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारत होती. महाराष्ट्रात अशा लाईन कुठे कुठे आहेत? मामानं पटापटा सांगितल्या. विदर्भातली शकुंतला, नॅरोगेज, जिच्यावर अजून लोकांचा जीव आहे. पुलगाव-आर्वी. बार्शी लाईट, १८९७ ची, दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली रेल्वे, पंढरपूरच्या वारकऱ्यांना नेणारी, ती आता ब्रॉडगेज झाली. शकुंतलाचं मात्र तो म्हणाला तिथे जाऊन सायकलरस्ता करा असं कोणी बोललं तर लोक मारतील, त्यांना गाडी परत हवीये. ताई म्हणाली म्हणूनच तर पट्टा टिकवायचा. मामा म्हणाला हो, पण हे तू त्यांना सांगायला जा, मी नाही.

दिवस तिसरा

खंडाळ्याला राजमाची पॉईंटवर सात वाजता पोचलो. समोर श्रीवर्धन-मनरंजन किल्ले, खाली धुक्यातून घाट, आणि घाटातून इंजिनांचा घुमणारा आवाज. दख्खनच्या गाड्या वर चढताना कर्जतहून मागे बँकर इंजिनं लावतात, ती मागून ढकलतात. तो आवाज ऐकायला मी लहानपणी मामाबरोबर इथे आले होते, आणि तेव्हा त्यानं सांगितलं होतं की इथे कधीकाळी गाडी उलटी व्हायची. मला वाटायचं उलटी म्हणजे पडायची.

ती गोष्ट अशी. खंडाळा-पुणे रेल्वे आली १८५८ ला, पण खालून खोपोलीपर्यंत एक लाईन आणि वर खंडाळ्यापासून दुसरी, मधे घाट. पाच वर्षं लोक मधला टप्पा पालखीत, तट्टावर नाहीतर चालत करायचे. १८६३ ला बोर घाट सुरू झाला. साधारण २५ किलोमीटरमधे १८३१ फूट चढ, २५ बोगदे, सगळ्यात कडक जागी ३७ ला १. आणि वरच्या टोकाशी डोंगर असा आडवा आला की वळायलाच जागा नाही, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका टोकाला आत जायची, थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि आली तशी उलटी निघून दुसऱ्या दिशेनं वर. १९२९ ला नवीन बोगदे काढून मार्ग बदलला तेव्हा हे बंद झालं. त्याच सुमाराला घाटात वीज आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. म्हणजे पुणेकरांचा सगळ्यात लाडका गाडीप्रवास आणि टाकून दिलेला रेल्वेचा तुकडा, दोन्ही एकाच कामातून निघाले.

मी कॅल्क्युलेटर काढला. ३७ ला १ म्हणजे शंभर मीटर गेलात की दोन मीटर सत्तर सेंटीमीटर वर. आगगाडीसाठी हे भयानक, ड्रायव्हरची परीक्षा. सायकलसाठी? कात्रजचा जुना घाट चढणाऱ्या कोणालाही विचारा, हसतील. अख्ख्या घाटाची सरासरी काढली तर शंभराला सव्वादोनही नाही.

अमृतांजन पॉईंटच्या बाजूला मात्र मन लागलं नाही. एकीकडे एक्सप्रेसवे, एकीकडे जुना रस्ता, कंटेनर ब्रेक मारत उतरतायत, रबराचा जळका वास. तो १८३० चा दगडी पूल, ज्याला आपण अमृतांजन पूल म्हणायचो, २०२० च्या लॉकडाऊनमधे रस्ता रिकामा मिळाला म्हणून पाडला. तो असता तर निदान एक खूण असती. ताई कठड्याला टेकून म्हणाली इथे एक बोर्ड नाही गं, की इथे सहासष्ट वर्षं प्रत्येक गाडी थांबून उलटी व्हायची.

मग तिला मी ॲलिस ट्रेडवेलचं सांगितलं, तिला माहीत नव्हतं, आणि ब्रिस्टलवालीला इंग्रज बाईची गोष्ट सांगताना मला उगाच भारी वाटलं. या घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथे आला आणि आल्या आल्या आजारानं गेला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, माहेरी निघून जायच्या ऐवजी कंत्राट स्वतःच्या नावावर पुढे चालवलं आणि इंजिनिअर हाताशी धरून घाट पुरा केला. आणि कामगार? हजारोंनी मेले, कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी. त्यांची नावं कुठे नाहीत.

एक नाव आहे, पण ते लोकांनी ठेवलंय. शिंगरोबा. जुन्या घाटरस्त्याला त्याचं देऊळ आहे, तिथे सायकली बाजूला लावून थांबलो. गोष्ट सगळ्यांना माहितीये, साहेबाला घाटाची वाट सापडत नव्हती, शिंगरोबा नावाच्या धनगरानं आपली शेळ्यामेंढ्यांची वाट दाखवली, साहेब म्हणाला बक्षीस माग, तो म्हणाला माझ्या लोकांना स्वातंत्र्य द्या, आणि त्याला गोळी घातली. ट्रकवाले अजून जाता जाता नाणं टाकतात. एक ड्रायव्हर आमच्यासमोर गाडी न थांबवता खिडकीतून दोन रुपये टाकून गेला, नाणं घरंगळत ताईच्या सायकलच्या चाकाशी आलं. तिनं उचलून देवळात ठेवलं आणि स्वतःचे दहा टाकले. म्हणाली, पहिली वाट मेंढ्यांची, मग रस्ता, मग रेल्वे, डोंगरात वाट एकदाच सापडते, बाकी सगळे तिच्यावरूनच जातात. मी म्हणलं हे मामाला सांग, तो तिसरा चहा घेईल.

परत लोणावळ्याला आलो ते निम्मं ढकलत. सायकलींचं लगेज तिकीट काढलं, खिडकीवरच्या माणसानं आधी सायकलींकडे, मग आमच्या वयाकडे बघितलं, पण काही बोलला नाही. लोकलच्या लगेज डब्यात दूधवाले, एक फ्रीज आणि आम्ही. ताई दारातून कडेची रिकामी पट्टी मोजत होती, मळवली, कामशेत, कान्हे, "इथे होईल, इथे नाही होणार, इथे झोपड्या, इथे होईल," आणि तळेगावला झोपून गेली.

घोरपडीला मामा जागा होता. ताईनं रुमाल सोडून बोरं टेबलावर ओतली. त्यानं चष्मा लावला, एक उचललं, दाबलं, खाल्लं, बी हातात घेऊन बघितली.

"ही रेल्वेची नाहीत," म्हणाला. "रेल्वेची जरा आंबट असतात."

परवा तूच गोड म्हणालास की, असं ताई म्हणेपर्यंत तो दुसरं खात होता.